नीरजाबाईंनी न लिहिलेला लेख

पान चौदावर, संदर्भसूचीत चौथ्या क्रमांकाला, नीरजाबाईंना स्वतःचं नाव दिसलं. आधी त्यांना बरंच वाटलं. तपासायला आलेल्या सत्तावीस प्रकल्पांपैकी या एकाच मुलीनं आडनाव आधी, मग नाव, मग अवतरणात लेखाचं शीर्षक, तळेगावच्या कुठल्याशा त्रैमासिकाचं नाव, वर्ष तिसरं, अंक दुसरा, १९७४, पृष्ठं अकरा ते एकोणीस असं सगळं जिथल्या तिथं लिहिलं होतं. बाकीच्यांनी 'गुगल' एवढाच शब्द लिहून खाली रेघ मारली होती. इथं स्वल्पविरामसुद्धा चुकला नव्हता. पेन्सिलीनं समासात बरोबरची खूण करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की 'रहाळकर, नीरजा' म्हणजे आपण. 'उंबरशेत : देवी डोईवर घेऊन निघालेल्या बाया' असा लेख आपण लिहिलेला आहे. पृष्ठं अकरा ते एकोणीस, म्हणजे चांगला नऊ पानांचा. लोणावळ्यातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळचे अकरा वाजले होते, खालच्या दुकानात चिक्कीचा गूळ चढवलेला होता आणि त्याचा किंचित करपलेला गोड वास रोजच्यासारखा जिन्यानं वर आला होता. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. नाव तिथंच होतं.

असा लेख आपण लिहिलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरीही थोड्या वेळानं त्या उठून कपाटासमोर उभ्या होत्या आणि जुन्या फायलींच्या दोऱ्या सोडत होत्या, हे त्यांना दोन फायली पाहून झाल्यावर उमगलं. न लिहिलेला लेख शोधायला आपण कपाट उघडलं. त्यांना स्वतःचंच हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. कारण मागच्या दिवाळीत असंच झालं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला अनंतराव आपल्या शेजारी उभे होते, त्यांनी फीत धरली होती, हे त्या पाहुण्यांना सांगत असताना पुतण्यानं अल्बम काढला आणि फोटोत फीत धरणारा माणूस निराळाच निघाला. अनंतराव तेव्हा बदलीवर नागपूरला होते. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, आणि ज्या दिवशी तो नव्हताच त्या दिवसाची त्याची आठवण त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती. तेव्हापासून काही ठामपणे सांगण्याआधी नीरजाबाई क्षणभर थांबत. लोकांना वाटे, बाई आता कमी ऐकतात.

मग त्यांना एकदम पुरावा सापडला. १९७४ साली त्या रहाळकर नव्हत्याच. लग्न सत्त्याहत्तरच्या मे महिन्यातलं. त्याआधी त्या नीरजा मेहेंदळे. चौऱ्याहत्तर सालच्या अंकात रहाळकर हे नाव छापलं जाणं शक्यच नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या. वर्गात मुलांना त्या हेच शिकवत होत्या, खोट्या गोष्टीची शिवण कुठंतरी उसवलेली असते, तिथं बोट घाला. हे उसवलेलं होतं. पण समाधान पाचेक मिनिटं टिकलं असेल नसेल. पस्तीस वर्षं ग्रंथपालाची नोकरी केल्यावर त्यांना हेही ठाऊक होतं की बायकांची नावं अशी मागून बदलतात. त्यांनी स्वतःच्या हातानं किती तालिका-कार्डं बदलली होती. एखाद्या लेखिकेनं लग्न केलं की माहेरच्या नावाच्या कार्डावर लिहायचं, 'पाहा : अमुक', आणि पुस्तकं उचलून सासरच्या नावाखाली नेऊन ठेवायची. मेहेंदळे, नीरजा, पाहा : रहाळकर, नीरजा. कोणी असं केलं असेल तर? पण कोणी करायला मुळात लेख तर पाहिजे. तो नाही. नाहीच. त्या 'नाहीच' म्हणत होत्या आणि आपला आवाज कोणाची तरी समजूत काढल्यासारखा येतोय हेही त्यांना ऐकू येत होतं.

नाही म्हणणं हा खरं तर त्यांचा धंदाच होता. कामशेतकडच्या एका कॉलेजनं नव्या धोरणातला दोन श्रेयांकांचा 'माहिती साक्षरता' हा विषय त्यांच्या गळ्यात घातला, कारण तिथल्या ग्रंथपालाची जागा तीन वर्षं रिकामी होती आणि तिथले प्राध्यापक श्रीयशसर म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही नुसत्या बोललात तरी मुलांना पुरे." पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या की पूर्वी माणूस काउंटरवर येऊन एखादं पुस्तक मागायचा, आम्ही नोंदवही बघायचो आणि सांगायचो, आमच्याकडे नाही. कधी सांगायचो, असं पुस्तकच नाही, तुमची ऐकण्यात चूक झाली. तो माणूस हिरमुसून जायचा, पण त्याला काहीतरी खरं मिळालेलं असायचं. तुमच्या मोबाईलमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला नाही म्हणता येत नाही. ते भिडस्त आहे. तुम्ही मागाल ते देईल, नसलं तर करून देईल. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या : कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कशावरून सांगितलं. मागच्या बाकावरचा संदेश उभा राहिला होता. "मॅडम, आमच्या घरी सगळं काका सांगतो. कधी, तर पहाटे पाचला. आणि कशावरून विचारलं तर म्हणतो, एवढ्या लोकांनी पुढं पाठवलंय ते काय येडे हायेत का?" वर्ग हसला. नीरजाबाईही हसल्या. त्यांना तो वर्ग आवडे. दुपारच्या उन्हात बाकांवर शेताचा चिखल वाळलेले बूट, कोणाच्या दप्तरातून येणारा सुकटीचा वास, खिडकीबाहेर भाताच्या खाचरांचे वाळके खुंट. गुरुवारी सकाळी लोणावळ्याहून निघताना त्यांना आपण पुन्हा कोणाच्या तरी उपयोगाच्या आहोत असं वाटायचं, आणि परत येताना, मळवली मागं पडता पडता, ते वाटणं ओसरून गेलेलं असायचं.

प्रकल्प पवनानगरच्या कोमलचा होता. पहिल्या बाकावर बसणारी, मान खाली घालून शब्द न् शब्द उतरवून घेणारी. प्रकल्पाचा विषय धरणात गेलेलं तिच्या आजीचं गाव. नीरजाबाईंनी चौदाव्या पानावरून उलटं मागं जात तो वाचला. त्यात म्हटलं होतं की उंबरशेत सोडायच्या दिवशी पुरुषांनी देवी जागची हलणार नाही असं सांगितलं, तेव्हा गावच्या बाया पुढं झाल्या. त्यांनी शेंदराचा तांदळा, म्हणजे देवीचा तो अनघड दगड, उखडला, चुंबळी केल्या आणि एकीच्या डोईवरून दुसरीच्या डोईवर देत देत चढण चढून देवी नव्या जागी नेली. पहिली होती नवी नवरी अंबू. लिहिणारं जे कोणी होतं त्याला लिहिता येत होतं. 'त्या चालत होत्या आणि त्यांच्या पावलांखाली गाव हळूहळू आठवण होत होतं,' असं एक वाक्य होतं. असं वाक्य आपण एकोणिसाव्या वर्षी लिहिलं असतं, नीरजाबाईंच्या मनात आलं, अगदी असंच, आणि मग खोडलं असतं.

कारण त्या तिथं होत्या. बहात्तरचा फेब्रुवारी, पुण्याच्या कॉलेजचं आठ दिवसांचं शिबिर, चार मुली शाळेच्या एका खोलीत. कामाला लागल्या त्या कणग्या, जाती, पाटे-वरवंटे ट्रकमध्ये चढवायला. लोकांनी घरांची दारं चौकटीसकट काढून घेतली होती, त्यामुळे गावात शिरलं की सगळी घरं दात पडलेल्या म्हाताऱ्यांसारखी तोंड उघडून बघत. शेवटच्या दिवशी उंबराखाली देवीपुढं माणसं जमली. श्रीपती गुरव म्हणाला, "ती बसवल्याली न्हाई, भुईतनं आल्याली हाय. न्हाई उटायची." कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. ट्रकवाला भोंगा वाजवत राहिला. मग एकेक जण पाया पडला आणि ट्रककडे गेला, बायाही गेल्या. सगळे चढल्यावर अंबू नावाची एक पोरसवदा सून खाली उडी टाकून मागं पळाली, बऱ्याच वेळानं आली, फाळक्यावरून चढून नीरजाबाईंच्या समोर बसली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. पाणी तिच्या मांडीवर गळत होतं. कोणी तिला काही विचारलं नाही. अर्ध्या चढणीवर ओढ्यापाशी तिन्ही ट्रक थांबले. श्रीपती एकटा उतरला. आणि ट्रकांमधली सगळी माणसं, म्हातारी, पोरं, पुरुष, बाया, दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून डोंगराकडे बघू लागली. असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. नीरजाबाईंनीही मान फिरवली होती, पण एकोणीस वर्षांच्या मुलीची मान पुरती फिरत नाही. श्रीपतीनं ओढ्यात हात घालून दोन-तीन दगड चाचपले, एक गोल दगड निवडला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि पुढच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. मग सगळ्यांनी माना सरळ केल्या. नव्या उंबरशेतात आज जी देवी आहे ती हीच.

शिबिराच्या सरांनी सांगितलं होतं, "मेहेंदळे, तुम्ही लिहा, तुमची भाषा बरी आहे." त्यांनी वहीही घेतली होती. पहिल्या पानावर गावाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग परीक्षा आली, मग नोकरी, लग्न, आणि त्या वहीत पुढं विणकामाचे नमुने उतरवले गेले. एक उलटं, दोन सुलटं. हजारो पुस्तकं त्यांनी हाताखालून घातली, दाखल केली, चिकटवली, शिवून घेतली, आणि त्यांतल्या एकातही उंबरशेतच्या माना फिरवण्याबद्दल ओळ नव्हती. ती एकच ओळ लिहायला त्या जिवंत होत्या आणि ती त्यांनी लिहिली नाही. फळीवर एका पुस्तकाएवढी जागा पन्नास वर्षं मोकळी पडलेली, आणि आता तिथं कोणीतरी त्यांच्याच नावानं पुस्तक आणून ठेवलं होतं. चोरी म्हणावी तर त्यांचं काही गेलं नव्हतं. उलट मिळालं होतं. त्यांनी ते पान तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्या बाया चढणीवर त्यांना दिसायला लागल्या आणि त्यांनी घाईनं प्रकल्प मिटला.

गुरुवारी तासानंतर त्यांनी कोमलला थांबवलं. वऱ्हांड्यात झाडू मारणं चाललं होतं. "हा लेख तू पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"म्हणजे हातात घेऊन पाहिलास?"

"मोबाईल हातातच होता की."

नीरजाबाईंनी चष्मा काढला तशी कोमल घाबरली. "मॅडम, तुम्ही वर्गात म्हणाला होता, मी उंबरशेतला शिबिराला होते. म्हटलं, मॅडम होत्या म्हणजे मॅडमनी लिहिलं असणारच. तुम्हाला कसं विचारायचं? म्हणून मी त्यालाच विचारलं, आमच्या रहाळकर मॅडमनी उंबरशेतावर काय लिहिलंय. तर त्यानं लगेच दिलं. त्या बायांत कोण कोण होत्या विचारलं, माझ्या आजीचं नाव सांगितलं, तर आजीचंपण दिलं. म्हटलं तुम्हाला सरप्राइज."

"कोमल, मी हे लिहिलेलं नाही."

"विसरला असाल, मॅडम." पोरीच्या आवाजात खोट नव्हती, मायाच होती. "पन्नास वर्षं झाली. आमच्या आजीला सकाळी घेतलेली गोळी दुपारी आठवत न्हाई."

"मी त्या साली रहाळकर नव्हते."

कोमलनं क्षणभर विचार केला. "पण आता आहात ना?" ती म्हणाली. आणि मग, जणू हुकमाचं पान असावं तसं, "मी आजीला वाचून दाखवलं, मॅडम. ती रडली. म्हणाली, व्हय, अस्संच झालतं. तुम्हीच सांगितलं होतं ना, दोन वेगळ्या ठिकाणी तेच सापडलं की भरवसा ठेवायला हरकत नाही. जुळलं की दोन्ही."

त्यांचाच नियम होता. त्यांनी तो फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या वऱ्हांड्यात उभं राहून नीरजाबाईंना वाटलं की आपण या मुलांच्या हाती कुलूप देत होतो आणि त्यांनी ते नीट, सांगितल्याप्रमाणे, चुकीच्या दाराला लावलं. कोमलला खोटं बोलायचं नव्हतं. यंत्रालाही नव्हतं, त्याला तर खरंखोटं काहीच करायचं नव्हतं. रागवायचं तरी कोणावर? श्रीयशसरांना त्यांनी सांगितलं, तर ते भले गृहस्थ, लगेच मार्ग काढायला बसले. "मॅडम, सोपं आहे. ते साइटेशन आपण उडवू. त्याऐवजी आजींचं नाव घालू, मौखिक इतिहास म्हणून, प्रत्यक्षदर्शी. जिल्हा पातळीवर तर त्याला जास्त गुण आहेत."

"पण तसं घडलेलंच नाही, श्रीयश."

"आजी तर म्हणतायत घडलं." ते हसले. "तुम्ही म्हणता नाही, त्या म्हणतात हो. आणि मॅडम, त्या तिथल्या आहेत. राग मानू नका."

राग कसला मानायचा, त्याचं बरोबरच होतं. त्यांनी स्वतः हेच शिकवलं असतं : आठ दिवसांची पाहुणी की गावची सून, कोणाची साक्ष जवळची? पण श्रीयशसर पुढं म्हणाले ते त्यांना नवीन होतं. नव्या उंबरशेतातल्या देवळाचा जीर्णोद्धार झालाय, गावकऱ्यांनी संगमरवरी पाटी करायला टाकलीय, कोमलच्या प्रकल्पातला मजकूर त्यावर कोरायचाय आणि खाली 'माहितीचा आधार : श्रीमती नीरजा रहाळकर, ग्रंथपाल, लोणावळा'. सोमवारी कारागीर छिन्नी घेणार. तुमची संमती हवी म्हणून माझ्याकडे निरोप होता, मी सांगायचंच विसरलो. कागदावरचं नाव खोडता येतं. नीरजाबाईंना दगडात बसलेलं आपलं नाव दिसलं, त्यात साचत गेलेली धूळ दिसली, आणि पन्नास वर्षांनी बोट फिरवत ते वाचणारी एखादी पोर, जिला आपण शिकवून जाणार नव्हतो.

शनिवारी त्या कोमलबरोबर पवनानगरला गेल्या. कामशेतहून जीप, पुढच्या सीटवर चौघं, मागं तंबूंच्या गुंडाळ्या. बोलायचं काय ते त्यांनी आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. कोमलच्या आजीला, अंबूबाईंना, बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, फक्त ओल्या हातांबद्दल. त्या हातांची उरलेली साक्षीदार त्या एकट्या होत्या, आणि हात अंबूबाईंचे होते; दोघी मिळून एक खरी गोष्ट होत होती. निदान एक 'नाही' तरी जगात राहील. जीप वळली आणि खाली धरण दिसलं. निळंशार, काठाला रंगीत तंबूंची रांग, शहरातली पोरं होडीत ओरडतायत. पाण्याखाली कुठं काय होतं हे इथून सांगता येत नव्हतं. त्यांनी कोमलला विचारलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं जोतं दिसतं का? "दिसायचं म्हणे," कोमल म्हणाली. "आता पुरुषभर गाळ साचलाय."

अंबूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. नीरजाबाईंच्याच वयाच्या, पण उन्हानं वाळलेल्या, एक डोळा ढगाळलेला. नीरजाबाईंना पाहून त्यांनी सूप बाजूला सारलं, पदर सावरला आणि दोन्ही हात पुढं केले. "या, बाई, या. किती सालांनी! पोरीनं सांगितलं तवाच वळाकलं म्या. शिबिराच्या पोरी तुमी. येकीला इच्चू चावलाता."

"मला नाही, दुसरीला," नीरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांना हायसं वाटलं. विंचू खरा होता. मालू नावाच्या मुलीला चावला होता. म्हणजे इथं अजून खरं काहीतरी शाबूत होतं. चहा आला. कोमल वही उघडून पायरीवर बसली. नीरजाबाईंनी तिला पाणी आणायला सांगितलं, मग आणखी काहीतरी आणायला सांगितलं, आणि ती आत गेल्यावर त्या खाली वाकल्या. "अंबूबाई, त्या दिवशी तुम्ही ट्रकमधून उतरून मागं पळालात. आठवतं? परत आलात तेव्हा तुमचे हात ओले होते."

अंबूबाई बघत राहिल्या. ढगाळ डोळा एकीकडे, चांगला दुसरीकडे. तांदळाचे दोन-चार दाणे त्यांच्या बोटांना चिकटले होते, ते त्या अंगठ्यानं पाडू लागल्या. तेवढ्या वेळात नीरजाबाईंना कळलं की त्यांना आठवतंय. सगळं, ओढासुद्धा. अंबूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, लय वरसं म्या ते डोस्क्यात घिऊन निजत व्हती. पाण्यात सोडली तिला. घागरभर पानी घातलं आन म्हनलं, आये, रागावू नगंस. दर आवसंला सपनात यायची, मला कुटं सोडलीस म्हनायची. सासू गेली तवा तिनंबी मला तेच सांगितलं, सपान तिलाबी पडायचं. त्याआदी येकमेकींला बोललो न्हाई कदी." त्या थांबल्या. "पोरीनं तुमी लिव्हल्यालं वाचलं आन त्या दिसापासनं सपान थांबलं."

"पण मी ते..."

"तुमी शिकल्याल्या. तुमी व्हता तितं. तुमी लिव्हलंय म्हंजी आमालाच न्हाई कळलं तवा काय झालं ते." त्यांनी नीरजाबाईंचा हात धरला, ओढून आपल्या डोक्यावर नेला आणि विरळ पांढऱ्या केसांमध्ये मधोमध दाबला. "हितं. बगा. पडलाय का न्हाई?" बोटांखाली हाडाला खरोखरच एक उथळ खळगा होता. अंगठा मावेल एवढा. साठ वर्षं घागरी वाहिलेल्या डोक्याला असा पडतो, मावळात घरोघरी बायांना असेल. पण खळगा कोणत्या वजनाचा आहे हे बोटांना कळत नव्हतं. नीरजाबाईंनी तो चाचपला. केस उन्हानं तापलेले होते. आतून कोमलच्या भांड्यांचा आवाज आला, मग ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तिनं पेनाचं टोपण काढलं.

आता बोलायला हवं होतं. पोरीच्या समोर, सोमवारच्या आधी. बोलण्याचं वाक्य अगदी साधं होतं, त्यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं होतं, जीपमध्ये त्यांनी ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. त्या एका वाक्यानं ही बाई पुन्हा अमावास्येच्या अमावास्येला जागी राहणार होती. आणि न बोलल्यानं काय होणार होतं? काहीच नाही. पाटी लागणार, पाटीवरून कोणीतरी फोटो काढणार, फोटो पुन्हा त्या यंत्रात जाणार, आणि पुढच्या वर्षी एखाद्या पोरानं विचारलं तर ते सांगणार, आणि या खेपेला त्याच्याकडे आधार असणार. तो आधार मात्र हातात धरता येईल असा, खाली सही केल्यासारखं नाव असलेला. नीरजाबाईंनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं आपण बोललो. पण अंबूबाई तशाच प्रसन्न बघत होत्या, म्हणजे त्या बोलल्या नव्हत्या.

"बाई, येक सांगा," अंबूबाई म्हणाल्या. आता आवाज मोठा होता, नातीलाही ऐकू जावा असा, त्यात एक लाडिक आढ्यता आली होती. "लेखात समदं हाय, पर माज्या अंगावर लुगडं कोंचं व्हतं ते न्हाई लिव्हलं तुमी. मलाबी काय ध्यानात येत न्हाई. सांगा की. तुमच्या डोळ्यांपुडनंच गेली म्या."

कोमल पेन धरून वाट बघत होती. खाली तलावावर कोणीतरी गाणं मोठं केलं आणि लगेच बारीक केलं.

"हिरवं," नीरजाबाई म्हणाल्या.

"काठ?" कोमलनं विचारलं.

"तांबडा असंल," अंबूबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे बघू लागल्या. नीरजाबाईंनी मान हलवली. कोमलनं लिहून घेतलं. आणि मग नीरजाबाईंना ते दिसायला लागलं, डोळे मिटूनही थांबेना : उतारावरून वर चढत येणारं हिरवं लुगडं, तांबड्या काठावर लागलेली धूळ, मागं बायांची रांग, कोणाच्या तोंडून शब्द नाही, आणि रांगेत तिसरी, शहरी दोन वेण्यांची, एकोणीस वर्षांची त्या स्वतः. त्यांची पाळी आली तसे त्यांनी हात वर केले. दगड थंड होता, आणि फार जड.